कोण ओरडतं ते बघू

आमच्या ऑफिसात डेटाबेसमधलं एखादं टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, थेट उडवत नाहीत. आधी त्याचं नाव बदलतात. नावाला मागं ‘जुनं’ असं शेपूट लावायचं आणि हाताची घडी घालून बसायचं. कुठला तरी कोड त्या टेबलाला अजून पहिल्याच नावानं शोधत असेल तर त्याला ते सापडणार नाही आणि कुणीतरी बोंब मारेल. एखाद्या रुग्णालयातला कारकून फोन करेल, नाहीतर कुठल्या तरी पानावर लाल अक्षरं उमटतील. आठवडाभर कुणी ओरडलं नाही तर टेबल बेवारस, टाका उडवून. याला आम्ही बोंबपरीक्षा म्हणतो. शिकलीसवरलेली माणसं आम्ही, बऱ्यापैकी पगार घेतो, आणि कुठली वस्तू कुणाची हे कळायला आमच्याकडे याहून शहाणी रीत नाही.

ही रीत मला काकांनी शिकवली. काका म्हणजे आमचे सगळ्यांत जुने प्रोग्रॅमर, आता निवृत्त. ऑफिसात पाठीमागं त्यांना ‘कुलूप’ म्हणायचे, कारण माणूस तोंड उघडायचा नाही आणि ड्रॉवर उघडा टाकायचा नाही. मी नवीन लागले तेव्हा माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती. बोलणं मोजकं, पण लागेल असं. डेटाबेसशी बोलणारा कोड एकाच ठिकाणी ठेवायचा, वाटेल त्या पानात कोंबायचा नाही. टेबल कुठं राहतं हे त्याच्या नावावरून कळलं पाहिजे. आणि वय कधीही साठवायचं नाही, जन्मतारीख साठवायची. वय शिळं होतं, तारीख होत नाही, असं ते म्हणायचे. मी एकदा घाईत वयाचा रकाना ठेवला होता, तर त्यांनी दोन दिवसांचं काम मला पुन्हा करायला लावलं आणि वर एक शब्द बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आम्ही काय करतो हे सांगितलं की लोक विषय बदलतात. शहरातल्या शवागारांची नोंद आमच्या वेबसाइटवर असते. ओळख न पटलेलं प्रेत आलं की तिथला कारकून त्याची माहिती भरतो: बाई की पुरुष, अंदाजे वय, उंची, अंगावरच्या खुणा, कपडे. मुदतीत कुणी आलं नाही तर शहराच्या खर्चानं दफन होतं आणि त्या जागेचा क्रमांकही त्याच नोंदीत चढतो. कुणाला आपलं माणूस सापडलंच, तर त्यानं भरायचा अर्जही आमच्याच वेबसाइटवर आहे. हे सगळं मुळात काकांनी उभं केलेलं.

आणि काकांचा एकुलता एक मुलगा घर सोडून गेलाय, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. जेवताना बापलेकांची जुंपली, काका म्हणाले पुन्हा तोंड दाखवू नकोस, आणि मुलानं ते शब्दशः ऐकलं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. सज्ञान मुलगा, स्वतःच्या पायांनी गेलाय, येईल, म्हणाले. तो आला नाही. काका आठवडाभरात कामावर रुजू झाले आणि होते त्याहून गप्प झाले. अशा माणसानं रोज उठून बेवारस प्रेतांच्या नोंदी सांभाळायच्या म्हणजे काय होत असेल, हा विचार माझ्या मनात एक-दोनदा आला. मी त्याला बसायला खुर्ची दिली नाही.

यंदा आमच्याकडं नवा मॅनेजर आला. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं आवरून हवं असतं. जुना सर्व्हर बंद करून सगळं नव्यावर न्यायचं ठरलं, आणि त्याआधी डेटाबेसमधल्या प्रत्येक टेबलाचा कोड शोधून जोडी लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आम्ही ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, वेबसाइट बांधतो त्याची एक शिस्त आहे. कामाच्या प्रत्येक भागाचा एक फोल्डर असतो. त्या फोल्डरात एका ठरलेल्या फाइलमध्ये आपण लिहायचं की मला अमुक माहिती ठेवायची आहे, आणि फ्रेमवर्क आपणहून डेटाबेसमध्ये टेबल बनवतं. टेबलाचं नावही तेच ठेवतं: आधी फोल्डरचं नाव, मग आपण दिलेलं. त्यामुळं नाव वाचलं की घर कळतं. पण हाच मजकूर उद्या दुसऱ्या फोल्डरात हलवला की फ्रेमवर्क नव्या घराच्या नावानं नवंकोरं टेबल बनवून मोकळं होतं. जुनं टेबल कुणी हातानं काढेपर्यंत तिथंच पडून राहतं, आतल्या नोंदींसकट.

अशी पडून राहिलेली टेबलं बरीच निघाली. त्यांत एक होतं ‘नोंदणी_अनोळखी’. नोंदणी नावाचा फोल्डर आता अस्तित्वातच नव्हता. काकांनीच निवृत्तीच्या आधी तो मोडून त्याचे तीन फोल्डर केले होते, आणि ओळख न पटलेल्यांचं टेबल ‘शवागार_अनोळखी’ या नावानं नव्या घरी गेलं होतं. नोंदी नव्यात उतरवल्या, जुनं टेबल असू दे म्हणून ठेवलं, आणि ते राहिलंच. आत पाहिलं तर शेवटची नोंद कित्येक वर्षांपूर्वीची. मी सगळा कोड त्या नावासाठी चाळला, एक ओळसुद्धा सापडली नाही. मग दुपारी त्याला शेपूट लावलं आणि मॅनेजरला कळवलं की परीक्षा सुरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी नुकती खुर्चीत टेकले होते, तेव्हा काकांचा फोन आला. निवृत्तीनंतर त्यांनी मला एकदाही फोन केला नव्हता. आवाज इतका खाली गेला होता की मला आधी ओळखूच आला नाही.

“मेल आलाय,” ते म्हणाले. “आपल्या सर्व्हरवरून. तू येशील का? माझ्यानं उघडवत नाही.”

कसला मेल, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, “त्याचा.” मुलाबद्दल आहे एवढं मला कळलं. बॅगेत लॅपटॉप टाकला आणि निघाले.

ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. जिना अरुंद, दिवा कायम गेलेला. दार काकूंनी उघडलं. काकूंना मी ऑफिसच्या दोन-तीन कार्यक्रमांत भेटले होते. बुटक्या, भराभर बोलणाऱ्या, काकांच्या वाटणीचंही स्वतःच बोलणाऱ्या. आज त्यांनी फक्त मला आत घेतलं आणि दाराला कडी लावली. स्वयंपाकघरातच जेवणाचं टेबल, टेबलाच्या एका टोकाला काकांचा संगणक, आणि त्याच्यासमोर काका आंघोळ न केलेले, हात मांडीवर ठेवून बसलेले. ओट्यावर दुधाचं भांडं तसंच होतं. ब्रेड कापून ठेवलेला होता आणि त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. मुलगा गेला त्यानंतर काकांनी सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम ठेवला होता. वेबसाइटच्या कोडमध्ये नाही, कारण तिथं कुणाच्याही नजरेला पडला असता. स्वतःच्या खात्यात, बाजूला. रोज सकाळी सर्व्हर तो आपणहून चालवायचा. अनोळखी प्रेतांच्या टेबलात जाऊन तो बघायचा, की मुलाच्या वयाचा, मुलाच्या उंचीचा, डाव्या हाताची करंगळी वाकडी असलेला कुणी आलाय का. लहानपणी दारात सापडून ती करंगळी तशी झाली होती. सर्व्हरचा नियम असा, की असा प्रोग्रॅम काही बोलला तरच मालकाला मेल जातो, गप्प राहिला तर जात नाही. स्वतः त्या नोंदी चाळायची काकांची छाती नव्हती, म्हणून त्यांनी ते काम मशीनला दिलं. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून इतकी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन वावरत होता आणि आम्ही त्याला कुलूप म्हणत होतो.

“रोज सकाळी हे मेल बघतात,” काकू म्हणाल्या. “नाही आला की मला सांगतात, नाही. मग मी चहा टाकते.”

म्हणजे या घरात ‘मेल नाही’ याचा अर्थ मुलगा कुठंतरी आहे, असा होता. त्यावर दोघं दिवस काढत होती. आज पहिल्यांदा मेल आला होता.

मी काकांना सरकायला सांगितलं आणि मेल उघडला. वाचला आणि माझा जीव भांड्यात पडला. त्यात कुणाचंही वर्णन नव्हतं. दोन ओळींत एवढंच होतं, की ‘नोंदणी_अनोळखी’ नावाचं टेबल सापडत नाही. प्रोग्रॅम चुकला म्हणून बोलला होता, आणि तो चुकला होता माझ्यामुळं. मी हसतच सांगितलं, की काका, काही नाही हो, काल मी टेबलाचं नाव बदललं, ही तुमचीच बोंबपरीक्षा. काकू मटकन खुर्चीत बसल्या आणि त्यांनी माझ्या दंडावर एक चापट मारली.

“अगं मेले,” त्या म्हणाल्या, “जीव गेला असता ना आमचा.”

त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. उठून त्यांनी गॅस पेटवला, दूध ठेवलं, मला साखर किती ते विचारलं. मी माफी मागत होते, बडबडत होते. काका मात्र हसले नव्हते. ते पडद्यावरच्या त्या दोन ओळींकडं बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा काही उतरत गेला की मीही पुन्हा त्या ओळींकडं पाहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. असला प्रकाश कुणाच्या डोक्यात पडू नये.

टेबलाचं घर बदललं होतं. काकांनीच बदललं होतं. वेबसाइटच्या कोडमधल्या सगळ्या जागा त्यांनी नीट शोधून नव्या नावावर आणल्या होत्या, पण हा प्रोग्रॅम तिथं नव्हताच. तो त्यांनी स्वतःच बाजूला लपवून ठेवला होता. जुनं टेबल जागेवर असल्यामुळं त्याला कधी अडलं नाही. तेव्हापासून तो रोज सकाळी इमानानं अशा खोलीत डोकावून येत होता जिथं कुणाला आणतच नव्हते. इतकी वर्षं काकू त्या ‘नाही’वर चहा टाकत होत्या.

काका उठले, संगणक बंद करायला गेले आणि मला अगदी हळू म्हणाले, “तू ते नाव परत होतं तसं कर. राहू दे असंच.”

मला राग आला. खोटं कशाला सांगू, दयेच्या आधी रागच आला. जो माणूस मला एका रकान्यासाठी दोन दिवस राबवतो, तो आता मला सांगत होता, की चुकीच्या टेबलावर चालू दे. मी म्हटलं, महिनाअखेर सर्व्हरच बंद होतोय, टेबल राहणार नाही आणि प्रोग्रॅमही. ते म्हणाले, मग महिनाअखेरपर्यंत तरी. आणि त्यांनी काकूंच्या पाठीकडं पाहिलं. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं, आणि माझा राग जागच्या जागी विरला. मी मान हलवणारही होते.

पण काकूंना ऐकू जात होतं. गॅस बारीक करून त्या वळल्या आणि त्यांनी मलाच विचारलं, काकांना नाही, की झालंय काय. मी काकांकडं पाहिलं. ते खाली बघत होते. मग मी सांगितलं, जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं. जुनी जागा, नवी जागा, प्रोग्रॅम जुन्या जागीच बघत राहिला. काकूंनी मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि त्यांना ते सगळं पहिल्याच फटक्यात समजलं.

“मग जिथं आणतात तिथं बघ,” त्या म्हणाल्या. काका काहीतरी म्हणायला गेले, तर त्यांनी नुसता हात वर केला.

नियमानं मला हे घरात बसून उघडता येत नाही. नियम गेला खड्ड्यात. मी लॅपटॉप काढून सर्व्हरला जोडला, काकांच्या खात्यातली ती फाइल शोधली. जेमतेम दहा ओळी, काकांच्या हातच्या, स्वच्छ, कुठं एक अक्षर वाकडं नाही. त्यांतलं टेबलाचं नाव तेवढं मी बदललं, नोंदणीच्या जागी शवागार. काका माझ्या मागं उभे राहिले. माझ्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचे हात होते. मी चालवलं.

काही आलं नाही. रिकामी ओळ. मी पुन्हा चालवलं, पुन्हा रिकामी. म्हणजे या सगळ्या वर्षांत आलेल्या सगळ्यांतही तो नव्हता. काका माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले, आवाज करून, नाक ओढत. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं आणि मला कुठं बघावं कळेना. मीही डोळे पुसले. नाही म्हणजे नाहीच हो काका, मी म्हणत राहिले, आता तर खरोखरचं नाही. दूध उतू जायच्या बेतात आलं होतं, ते काकूंनी उतरवलं. चहा मात्र टाकला नाही. फडक्याला हात पुसत त्या माझ्या खुर्चीपाशी आल्या आणि पडद्यावर बोट ठेवलं.

“यात त्याचं वय काय घातलंय?”

मी वाचलं. सतरा ते एकवीस. काकांनी एकोणीस धरून दोन वर्षं अलीकडं, दोन पलीकडं घेतली होती, कारण शवागारातलं वय अंदाजानं लिहितात.

“तो गेला तेव्हा एकोणीसचा होता,” काकू म्हणाल्या. “आता सत्तावीसचा आहे.”

काकांचं रडणं थांबलं होतं. मी त्या ओळीकडं बघत बसले. वय कधीही साठवायचं नाही, शिळं होतं, हे ज्यानं मला शिकवलं, त्यानं स्वतःच्या मुलाचं वय आकड्यात लिहून ठेवलं होतं आणि नंतर त्याला हात लावला नव्हता. विसरले असतील का? एखादा शिकाऊ विसरतो. काकांना दर वाढदिवसाला ती ओळ आठवली नसेल यावर माझा विश्वास नाही. पण ती बदलायची म्हणजे तो दुसरीकडं कुठं तरी वाढतोय, आपल्याशिवाय, हे दरवर्षी स्वतःच्या हातानं टाइप करायचं. कोडमध्ये त्यांनी त्याला एकोणीसचाच ठेवला होता, घरातून निघाला त्या संध्याकाळचा.

“मी दरवर्षी मोजते,” काकू म्हणाल्या. ते काकांना होतं की मला, कळलं नाही.

मी काकांना जन्मतारीख विचारली. त्यांनी सांगितली. मी वयाची ओळ खोडली आणि तारीख घातली, म्हणजे प्रत्येक नोंद झाली त्या दिवशी तो किती वर्षांचा असता ते मोजून मशीन बघेल. काकांनी मला जसं शिकवलं होतं तसं. चालवायच्या आधी मी काकूंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली.

एक नोंद आली.

पुरुष, अंदाजे चोवीस. उंची तीच. डाव्या हाताची करंगळी टोकाशी वाकडी, जुनी. नदीच्या पुलाखाली, थंडीत. अंगावर जखम नाही. फोटो होता, मी तो उघडला नाही. करंगळ्या पुष्कळांच्या वाकड्या असतात, मी म्हटलं, खरंच म्हटलं, आणि माझा आवाज मला परका वाटला. काकूंनी विचारलं, कपडे काय लिहिलेत. मी वाचायला लागले. काळी पँट. बूट एकच. राखाडी कोट, अस्तर डाव्या बाजूला फाटून हातानं शिवलेलं. मी थांबले.

“दोरा?” काकू म्हणाल्या.

“पिवळा.”

काकूंनी खुर्ची ओढली नाही. त्या टेबलाच्या कडेला धरून उभ्याच राहिल्या. “राखाडी दोरा नव्हता त्या दिवशी घरात,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, आत आहे, कुणाला दिसतोय.”

नोंदीत आणखी दोन रकाने उरले होते. एकात दफनाच्या जागेचा क्रमांक होता. दुसरा चौकशीचा. त्यात कारकुनानं लिहिलं होतं, कुणी आलं नाही. ती नोंद झाली त्या सकाळी आणि मुदत संपेपर्यंतच्या प्रत्येक सकाळी काका याच जेवणाच्या टेबलाशी बसून मेल बघत होते आणि काकूंना नाही म्हणून सांगत होते. शवागार इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. आणि टेबलाचं नाव बरोबर असतं तरी मेल आला नसता, कारण तो चोवीसचा झाला होता. काकांना हे दोन्ही मी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मॅनेजर. त्याला ते एक टेबल लवकर निकालात काढायचं होतं. कालपासून कुणी ओरडलं का, असं विचारत होता. काका भिंतीकडं बघत होते. काकूंनी गॅसचं बटण पुन्हा एकदा तपासलं, बंदच होतं.

“नाही,” मी म्हटलं. “कुणी ओरडलं नाही.”

काकूंनी मग विचारलं, आता काय करायचं असतं. मी सांगितलं, की अर्ज असतो, तो भरला की नोंदीवर नाव चढतं आणि जागेवरही लावता येतं. मी भरते म्हटलं, तर काका उठले. त्यांनी मला बाजूला केलं, चष्मा पुसला आणि स्वतःच्या संगणकावर ते पान उघडलं. त्यांचंच पान. कुठला रकाना कुठं, कुठला सक्तीचा म्हणून त्याला लाल चांदणी, सगळं त्यांनीच ठरवलेलं. नाव त्यांनी एका दमात लिहिलं. पुढच्या रकान्यात जन्मतारीख लिहिली. त्या पानावर वयाचा रकाना नाही.

मग नात्याचा रकाना आला. तो उघडला की खाली नाती दिसतात, त्यांतलं एक निवडायचं. वडील सगळ्यांत वर आहे. काकांचा हात तिथं गेला आणि माऊस दाबायच्या आधी थबकला.

“आई घाला,” काकू म्हणाल्या.

काकांनी वळून पाहिलं नाही. ते वडीलवरून खाली आले आणि त्यांनी आई निवडलं. त्या रकान्यात एकच नातं घेता येतं, ते त्यांनीच तसं ठेवलं होतं.